विमलच्या पायांचे जामीनदार

कर्ज मागायला आलेला माणूस आधी भलतंच काहीतरी बोलतो. कॅन्टीनच्या भाजीत मीठ नव्हतं, दुसऱ्या पाळीचा फोरमन खवट आहे, यंदा उकाडा फार. मग तो खुर्ची पुढे ओढतो. खुर्चीचा आवाज झाला की मी अर्जाचा कोरा कागद काढून टेबलावर ठेवतो. एवढ्या वर्षांत माझा अंदाज एकदाच चुकला. तो गृहस्थ खरोखरच फक्त भाजीबद्दल बोलायला आला होता.

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कामगार पतपेढीत मी हिशेब सांभाळतो. कामगारांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून जमा करायची आणि त्यांतल्याच गरजूंना ती कर्जाऊ द्यायची, एवढंच हे काम. बँक सोनं किंवा घर तारण मागते. आमच्या सभासदांकडे दोन्ही नसतं. म्हणून आमच्याकडे तारण म्हणजे माणूस. प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार लागतात. कर्जदाराने हप्ता चुकवला तर तो जामीनदारांच्या पगारातून कापला जातो. हे जामीन उसने दिले-घेतले जातात. तू माझ्या भावाच्या लग्नाला सही कर, मी तुझ्या छपराला करतो.

या पद्धतीचा एक परिणाम नियमावलीत लिहिलेला नाही. जामीनदार कर्जदाराची फार काळजी घेतो. तो खोकला तर हा औषध घेऊन धावतो. आमच्या एका सभासदाने सायकलसाठी कर्ज घेतलं, पण त्याला सायकल चालवता येत नव्हती. शिकताना पडून हात मोडेल या भीतीने त्याच्या दोन्ही जामीनदारांनी त्याला शिकूच दिलं नाही. कर्ज फिटेपर्यंत तो हार घातलेली नवी सायकल हातात धरून कामावर चालत येत असे. दुसऱ्या एकाने सासूच्या आजारपणासाठी अर्ज केला आणि मंजुरीच्या आदल्या दिवशी सासू बरी झाली. तो माझ्यासमोर अत्यंत खिन्न बसला होता. पण हे किरकोळ. मला सांगायची आहे ती विमल ओव्हाळच्या कर्जाची हकिकत.

नामदेव ओव्हाळ आमच्या फाउंड्रीत साचे करायचा. कमी बोलणारा, एकही हप्ता न चुकवलेला माणूस. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो मुलीला घेऊन आला. "जय भीम, साहेब," म्हणाला आणि भाजीबद्दल एक शब्दही न बोलता त्याने खुर्ची पुढे ओढली.

"अठराशे पाहिजेत. पोरीच्या शिक्षणाला."

शिक्षणाचा रकाना आमच्याकडे होता, पण त्यात पाटी-पुस्तकांसाठी दीडशे रुपयांची मर्यादा होती. मी विचारलं, "काय शिकणार?"

मुलगीच बोलली. "बी. पी. एड. शारीरिक शिक्षणाची पदवी. बी. ए. झालंय माझं. पुण्याच्या कॉलेजात एक वर्षाचा कोर्स आहे."

"म्हणजे पीटी?"

"हो काका. पीटी."

पीटीची पदवी असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझ्या शाळेत पीटी शिकवणारे सर मूळचे चित्रकलेचे होते.

मी कोणालाही थेट नाही म्हणत नाही. मी हिशेब मांडून दाखवतो, मग तो माणूस स्वतःच नाही म्हणतो. विमल तेव्हा औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. पगार एकशे ऐंशी. मी कागदावर मांडलं. वर्षभर नोकरी सोडायची, म्हणजे एकवीसशे साठ गेले. कर्ज अठराशे. व्याज साधारण अडीचशे. एकूण बेचाळीसशे दहा. पीटीच्या बाईंना तीनशे दहा मिळतात असं तिने चौकशी करून आणलं होतं. म्हणजे पॅकिंगपेक्षा दरमहा एकशे तीस जास्त. त्या फरकातून हा खड्डा भरायला बत्तीस महिन्यांहून अधिक लागणार, तेही पदवीच्या दुसऱ्या दिवशी नोकरी लागली तर. ती मिळायला एक वर्ष लागलं तर खड्डा त्रेसष्टशे सत्तरचा. भागिले एकशे तीस, बरोबर एकोणपन्नास महिने. बाकी शून्य. भाग असा पूर्ण गेला की मला बरं वाटतं.

मी कागद तिच्याकडे वळवला. तिने बेरजा पुन्हा करून पाहिल्या. अर्जदाराने माझ्या बेरजा तपासण्याची ती पहिलीच वेळ.

"हिशेब बरोबर आहे, काका," ती म्हणाली. "मला तरी जायचंय."

"का पण?"

"पॅकिंगला सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका स्टुलावर बसायचं असतं. माझ्याच्यानं होत नाही. मी शाळेत असल्यापासून पळतेय."

या कारणासाठी माझ्याकडे रकाना नव्हता. मी "इतर" असं लिहिलं.

कर्ज समितीचे अध्यक्ष काळेसाहेब टूलरूमचे फोरमन होते. इंचाच्या हजाराव्या भागात काम करणारा माणूस, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीत फट दिसायची. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"उड्या मारायला कॉलेज? मग झोपायलाही असेल एखादं. नामदेव, मी सांगतो तसं कर. लग्न असं लिही. लग्नाला दोन हजारांपर्यंत आत्ता देतो, एक प्रश्न विचारत नाही."

"लग्न न्हाई ठरलं साहेब," नामदेव म्हणाला. "खोटं कसं लिहू?"

मी मध्ये पडलो. लग्नाच्या अर्जाला पत्रिका जोडावी लागते, असा नियम होता. शिवाय लग्नावर दोन हजार खर्चून परत काहीच येत नाही, इथे निदान एकोणपन्नास महिन्यांनी तरी येतंय, असंही मी म्हणालो. काळेसाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात होतं.

मग ते तारणावर आले. "ही नोकरी कशावर करणार? पायांवर. उद्या पाय मोडला तर पदवी घेऊन काय चाटायची? तारण सुरक्षित पाहिजे." आणि त्यांनी मला एक अट सांगितली. ती मी शब्दशः लिहून घेतली: "कर्जदाराच्या मुलीने शिक्षणकाळात आपल्या शरीरास, विशेषतः पायांस, अपाय होण्याचा संभव असेल असे कोणतेही वर्तन करू नये. केल्यास संपूर्ण येणे रक्कम एकरकमी वसूल केली जाईल."

"साहेब," मी म्हणालो, "ती शारीरिक शिक्षण घ्यायला चालली आहे."

"म्हणूनच तर," काळेसाहेब म्हणाले.

नामदेवने सही केली. आणखी काय करणार? एकरकमी अठराशे म्हणजे त्याच्या घराचं चार-पाच महिन्यांचं जेवण.

जामीनदार दोन. दगडू कड क्रेन चालवायचा. चाकणच्या बाजूचा, आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा. दुसरे सावंत, कोकणातले, स्टोअरचे. त्यांच्या स्टोअरमधून सही केल्याशिवाय खिळाही बाहेर जात नसे. दोघांच्या पूर्वीच्या कर्जांना नामदेव जामीन होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. सह्या केल्यावर मी त्यांना अट वाचून दाखवली. दगडूने ती पुन्हा वाचायला लावली.

"मंजी पोरीनं उडी मारली तर आमच्या पगारातनं?"

"आधी नामदेवच्या. त्याला एकदम जमलं नाही तर तुमच्या."

"आरं तिच्या..." दगडू म्हणाला आणि खाली बसला.

तेव्हापासून दोघांनी विमलचे पाय वाटून घेतल्यासारखे सांभाळले. दगडू गावाकडून अंडी आणि म्हशीचं दूध आणू लागला. हाडाला बरं असतं म्हणे. सावंत दर शनिवारी कॅन्टीनमध्ये नामदेवला गाठून साठा तपासल्यासारखं विचारायचे, "ढोपरां बरी आसत मां? दोन्ही?" नामदेव म्हणायचा, "दोन्ही." मग ते चहा घ्यायचे.

एका गुरुवारी (आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची) दगडू एकटाच पुण्याला कॉलेजात गेला आणि तिथल्या बाईंना भेटला. त्याने विनंती केली की पोरीला लेझीम शिकवा, कवायत शिकवा, पण कबड्डीत तिला भाईर बसवा. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेर बसायची पदवी आम्ही देत नाही." दगडूने हे मला परत आल्यावर सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. पतपेढीने कॉलेजला पत्र लिहावं असं त्याचं म्हणणं होतं. मी लिहिलं नाही. काय लिहिणार?

वर्ष असं सरलं. मग मार्चमध्ये नामदेव परीक्षेची सूचना घेऊन आला. प्रात्यक्षिकात लाकडी घोड्यावरून उडी होती. लांबून पळत यायचं, उसळी देणाऱ्या फळीवर पाय द्यायचा, कमरेएवढ्या लाकडी घोड्यावर हात टेकून पलीकडे गादीवर उतरायचं. ही उडी नसेल तर नापास. आणि ही उडी मारली तर, अट जशी लिहिली होती तशी वाचली, तर कर्ज एकरकमी.

"साहेब, तुमीच सांगा," नामदेव म्हणाला. "पोरगी पास कशी व्हायची?"

मी अट पुन्हा वाचली. अपाय झाला तर, असं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण "अपाय होण्याचा संभव असेल असे वर्तन" असं होतं. म्हणजे नुसती उडीही पुरे. अक्षर माझंच होतं, त्यामुळे ते नीट न लागल्याचं कारणही सांगता येईना. मी काळेसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "घरदुरुस्तीच्या कर्जाला आपण स्थळपाहणी करतोच की नाही? इथेही करू. मी घोडा पाहतो."

त्याप्रमाणे पुढच्या गुरुवारी कर्ज समितीची स्थळपाहणी पुण्याच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात झाली. हजर: अध्यक्ष, मी, कर्जदार, दोन्ही जामीनदार. हॉलमध्ये तीसेक मुली पांढऱ्या कपड्यांत उभ्या होत्या, त्यांत विमल. दगडूला भेटलेल्या बाई गळ्यात शिट्टी घालून उभ्या होत्या. त्यांनी दगडूला ओळखलं आणि कपाळाला हात लावला.

काळेसाहेबांनी खिशातून टेप काढून घोड्याची उंची मोजली. सांधे वाजवून पाहिले. सावंतांनी गादी दाबली, उलटून पाहिली आणि बाईंना विचारलं, "ही खरेदी कधीची?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." सावंतांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

दगडू मात्र घोड्याभोवती एक फेरी मारून विमलकडे आला.

"पोरी, वजन किती तुजं?"

"सत्तेचाळीस किलो, काका."

"माजं चौऱ्याहत्तर. दीडपटीच्या वर भरलं." मग तो काळेसाहेबांना म्हणाला, "सायेब, नव्या दोरावर माल टांगायच्या आधी आमी काय करतो? मालापरीस जड वजन टांगतो. त्येनं धरलं तर माल टांगायचा. आधी जड जायाला पायजे."

"अहो, ही क्रेन नाही," बाई म्हणाल्या.

"व्हय, पन घोडा तरी कुटं हाय?" दगडू म्हणाला. त्याने टोपी नामदेवच्या हातात दिली, पायजमा वर खोचला, वहाणा काढून भिंतीशी जोडीने ठेवल्या आणि कोणी काही बोलायच्या आत पळत सुटला.

तो चांगला पळाला, हे सांगितलं पाहिजे. फळीवर पाय अगदी नेमका पडला. फळीने तिचं काम केलं. ती इतकं करील अशी दगडूची कल्पना नव्हती. घोड्याला न शिवता तो वरून गेला, गादीवरूनही गेला आणि पलीकडे फरशीवर उतरला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दगडू डावा घोटा दोन्ही हातांनी धरून बसला होता. चेहरा पांढरा पडला होता, पण तो म्हणाला, "घोडा मजबूत हाय."

काळेसाहेब माझ्याकडे वळले. "पाहिलंत? संभव म्हणत होतो ना मी? हा घ्या संभव. फरशीवर बसलाय. उडी मारायला मी परवानगी देऊ शकत नाही."

नामदेव टोपी हातात धरून तसाच उभा होता. वर्षभराची फी, बसचं भाडं, कापलेले हप्ते, सगळं त्या वाक्यात गेलं. विमल पुढे आली, पण ती बोलायच्या आधी बाईच बोलल्या.

"परवानगी? ही मुलगी जूनपासून रोज या घोड्यावरून जाते. दिवसाला आठ-दहा वेळा."

सावंत गादीवर बसले. जिची ढोपरं ते शनिवारी मोजत होते ती रोज हवेत होती. काळेसाहेबांचा आवाज बारीक झाला. "रोज? म्हणजे अटीचा भंग रोज? नामदेव, तुला माहीत होतं?"

"न्हाई साहेब."

"मी सांगितलं नव्हतं त्यांना," विमल म्हणाली. "सांगितलं असतं तर त्यांना झोप लागली नसती. आणि कॉलेजला येऊन मी दुसरं काय करणार होते?"

काळेसाहेब मला म्हणाले, "लिहा. अटीचा भंग. एकरकमी वसुली."

मी पेन काढलं. मला त्या मुलीची दया आली म्हणून मी पुढचं बोललो असं कोणी समजू नये. मला तो निष्कर्ष आकड्यांत बसत नव्हता. मी बाईंना विचारलं, "एवढ्या उड्यांत हिला किती वेळा अपाय झाला?"

"एकदाही नाही."

"साहेब," मी म्हणालो, "वर्षभराच्या उड्या एका बाजूला, अपाय दुसऱ्या बाजूला. शून्याला कितीनेही भागा, शून्यच येतं. अटीत 'संभव असेल असे वर्तन' आहे. हिच्या बाबतीत संभव शून्य. म्हणजे भंग नाही."

"आणि हा?" त्यांनी दगडूकडे बोट दाखवलं.

"हा जामीनदार आहे. अट कर्जदाराच्या मुलीला आहे. जामीनदाराने उडी मारू नये असं कुठे लिहिलेलं नाही."

काळेसाहेबांनी टेप गुंडाळून खिशात टाकला. "लिहा. स्थळपाहणी समाधानकारक."

"म्हणजे मी मारू उडी?" विमलने विचारलं.

"रोज विचारून मारत होतीस का?" काळेसाहेब म्हणाले.

ती मागे गेली. बाईंनी शिट्टी वाजवली. तिचं पळणं दगडूपेक्षा हळू वाटलं, पण ते तसं नव्हतं, फक्त त्यात धडपड नव्हती. हात घोड्याला टेकले न टेकले तोच ती पलीकडे पाय जुळवून उभी होती. नामदेवने मुलीला असं कधी पाहिलंच नव्हतं. त्याने दगडूची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, बहुधा हात रिकामे करायला, आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच वाजवल्या, कारण मुलींना यात नवल नव्हतं.

"आधी पाय बगा तिचं, पाय!" फरशीवरून दगडू ओरडला.

सावंतांनी वाकून पाहिलं. "आसत. दोन्ही आसत."

दगडूच्या घोट्याला बारीक चीर गेली होती. सहा आठवडे प्लास्टर. त्याने आजारपणाचं कर्ज मागितलं, नामदेव जामीन राहिला. प्लास्टर निघाल्यावर विमल रोज संध्याकाळी त्याला टाच उचलायला आणि बोटांवर उभं राहायला लावायची. तो क्रेनची शिडी पूर्वीसारखा चढू लागला. काळेसाहेबांनी पुढच्या सभेत सुचवलं की तिच्या या कामाचे पैसे धरून कर्जातून वजा करावेत. नियमात बसत नव्हतं, मी बसू दिलं नाही. अजूनही मला ते बरोबरच वाटतं, पण पोरीचे कष्ट मी फुकट घालवले म्हणून दगडूच्या बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचं.

विमल पास झाली. नोकरी मात्र लगेच लागली नाही. लागली तेव्हा राजगुरुनगरच्या एका मुलींच्या शाळेत, तात्पुरती, आणि पहिले काही महिने अनुदान आलं नाही म्हणून पगारही नाही. या काळातले सगळे हप्ते नामदेवच्या पगारातून गेले. एकही चुकला नाही. दगडू-सावंतांचा एक पैसाही कापला गेला नाही, तरी दोघांनी अंडी आणि चौकशी थांबवली नाही.

शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी नामदेव दुसऱ्या पाळीला होता, म्हणून विमल स्वतः आली. दोन्ही जामीनदारही आले. मी कर्ज फिटल्याचा दाखला लिहून दिला. मग जुना कागद काढून मी तिला दाखवलं की माझ्या हिशेबाप्रमाणे ती अजून तोट्यात आहे, आणि पॅकिंगला राहिली असती तर आज हातात जास्त शिल्लक असती. कोणाला ऐकायला आवडो वा न आवडो, आकडा सांगणं माझं काम आहे.

तिने बेरजा पुन्हा तपासल्या. "बरोबर आहे, काका," ती म्हणाली आणि हसली. तिचा चेहरा उन्हाने चांगला रापला होता.

तिला शाळेत परतायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुलींच्या शर्यती होत्या. आम्ही तिघे तिला गाडीत बसवायला नाशिक फाट्यापर्यंत गेलो. वाटेत दगडूने मला दाखल्याचा अर्थ विचारला.

"मंजी आता हिचा पाय मोडला तरी आमच्या पगारातनं काय कापायचं न्हाई?"

"काही नाही. तुम्ही मोकळे."

तो विमलला म्हणाला, "मग आता जपून ऱ्हा, पोरी. इतके दिस आमी हुतो. आता तुज्या पायाला कोन जामीन न्हाई."

ती काही बोलणार तोच समोरून राजगुरुनगरची एस.टी. थांब्यावरून हलली. विमलने पिशवी काखेत मारली, साडीचा काठ हाताने वर धरला आणि पळत सुटली.

"अगं पळू नको! पडशील!" आम्ही तिघेही भर रस्त्यात एकदम ओरडलो.

गाडीने वेग घेतला होता. तिने दांडी धरली, पायरीवर चढली आणि आत गेली.

"गावली," सावंत म्हणाले. दगडूने डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला.